पावतीवाचून मोकळीक नाही



वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. ती चाल आपण या गावी चालवीत आहात. दिवसभर उन्हाने तापलेली माणसे संध्याकाळच्या वाऱ्याला चार नव्या गोष्टी ऐकण्यासाठी येऊन बसतात, याचे आम्हांला फार कौतुक वाटते. मात्र आमच्या नावापुढे छापलेला विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेचा माणूस म्हटला म्हणजे त्याने बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा. आणि आम्ही तर संगणकांच्या जाळ्यात नोंदलेली मेमरी सुरक्षितपणे मोकळी कशी करावी, यावर बोलावयास उभे आहोत! आमचे शाळेचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा हा अधिकार आम्हांस कोणी दिला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर म्हणून प्रथम एक हकीकत सांगतो.

१९९२ सालची गोष्ट. आम्ही बावीस वर्षांचे होतो. एका कारखान्यात विजेच्या पॅनेलवर मदतनीस म्हणून लागलो होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण दोष एका कारखान्याचा नाही. आवारातून पंपघराकडे जाणारी एक लाईन होती. तिच्यावर काम करण्यासाठी दोन माणसे गेली. जाताना म्हणाली, "अर्धा तास लागेल." आम्ही स्विच पाडला, घड्याळ पाहिले आणि बसून राहिलो. पाऊण तास झाला. पंप बंद म्हणून कारखान्यात आरडाओरड सुरू झाली. वरिष्ठांचा फोन आला, "अर्धा तास केव्हाच झाला. माणसं उतरली असतील. कर चालू." आम्ही स्विच चढविला.

एक माणूस उतरला होता. दुसरा खांबावर होता.

तो वाचला, परंतु त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. हुकूम दुसऱ्याचा होता, पण स्विचवर हात आमचा होता. आम्ही संघटनेच्या कामात शिरलो ते त्या कागदामुळे. आमची पहिली मागणी पगारवाढीची नव्हती. लाईनवर जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या नावाचे परमिट लिहिले जावे, आणि ज्याच्या नावाचे परमिट त्यानेच ते स्वतःच्या हाताने परत केल्याशिवाय स्विचला कोणी हात लावू नये, ही ती मागणी होती. ती मान्य होण्यास दोन वर्षे लागली.

आता दुसरी हकीकत ऐका. आमचा एक पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. काही वर्षांमागे तो दिवाळीला घरी आला, तो डोळे तांबारलेले, जेवणात लक्ष नाही. विचारले तर म्हणाला, "काका, तीन आठवडे रात्री जागतोय. आमच्या प्रोग्रॅममध्ये चार-आठ दिवसांतून एकदा कुठले तरी आकडे भलत्याच ठिकाणी उमटतात. पुन्हा करून पाहावं तर होत नाही." पुढे महिन्याभराने त्याचा फोन आला. दोष सापडला होता. तो म्हणाला, "काका, दुसऱ्या यंत्राकडून उत्तर यायला उशीर झाला की आमचा प्रोग्रॅम ठरलेली सेकंदं वाट बघायचा आणि उत्तरासाठी राखलेली जागा मोकळी करून दुसऱ्या कामाला द्यायचा. पण कार्डाला कुणी सांगितलंच नव्हतं. उत्तर उशिरा यायचं आणि कार्ड ते जुन्याच जागेवर लिहून टाकायचं."

हे ऐकून आम्ही बराच वेळ गप्प होतो. 'वेळ झाली, म्हणजे काम झाले असेल.' हेच ते वाक्य! मग आम्ही त्याच्यामागे लागून हा विषय समजावून घेतला, मिळेल ते वाचले. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे जाळे म्हणजे काय ते पाहू. एका संगणकाने दुसऱ्याकडे मजकूर पाठवावयाचा, तर साधी रीत अशी आहे. प्रोग्रॅम आपल्या जागेतला मजकूर संगणकाच्या कारभाऱ्याच्या स्वाधीन करतो. या कारभाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तो त्या मजकुराची आपल्या जागेत एक नक्कल करून घेतो आणि मग जाळ्याच्या कार्डाकडे देतो. पलीकडेही असाच प्रकार. बाजार समितीत पाहा, शेतकऱ्याचे पोते गाडीतून ओट्यावर, ओट्यावरून आडत्याच्या गाळ्यात, गाळ्यातून पुन्हा ट्रकमध्ये. दर वेळी हमालाच्या पाठीवर. या उचलठेवीत वेळ जातो. पण तिच्यात एक सोय असते. पोते एकदा आडत्याच्या ताब्यात गेले की शेतकऱ्याची गाडी मोकळी. त्याने ती लगेच घरी न्यावी.

जेथे हजारो यंत्रे मिळून एकच गणित सोडवीत असतात तेथे ही उचलठेव परवडत नाही. म्हणून अशी युक्ती निघाली की एका यंत्राच्या कार्डाने दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत थेट लिहावे किंवा तेथून थेट वाचावे, मध्ये कारभारी नको आणि नक्कल नको. हिलाच रिमोट डायरेक्ट मेमरी ॲक्सेस म्हणतात. कॉम्पॅक, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९७ साली या धर्तीचा एक आराखडा प्रसिद्ध केला, आणि २००० साली इन्फिनिबँड या जाळ्याचे पहिले प्रमाणपत्रक निघाले. आज अशा जाळ्यात एक छोटा निरोप सेकंदाच्या दहा लाखांश भागात, फार तर अशा दोन-चार भागांत पलीकडे पोचतो.

पण थेट गोदामात माल उतरवावयाचा तर गोदाम आधी पक्के हवे. संगणकाचा कारभारी एरवी मेमरीची हलवाहलव करीत असतो. गरज पडली तर एखादा भाग उचलून डिस्कवर नेऊन ठेवतो. कार्ड एका जागी लिहावयास जावे आणि ती जागाच मागून हललेली असावी, असे झाले तर अनर्थ. म्हणून त्या जागेची आधी नोंदणी करावी लागते. नोंदणी झाली की तीन गोष्टी होतात. ती जागा हलवावयाची नाही असा खिळा ठोकला जातो. तिचा नकाशा कार्डाला दिला जातो. आणि तिच्या दोन किल्ल्या तयार होतात, एक घरची आणि एक परगावची. परगावची किल्ली आपण सोबत्याच्या यंत्राला पाठवितो. ती दाखवून तो आपल्या गोदामात थेट माल उतरवू शकतो.

१९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा हमालांची नोंदणी हाच त्याचा पाया होता, हे या सभेतील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. ज्याची नोंद आहे त्याच्याविषयी कोणावर तरी जबाबदारी येते. मेमरीचेही तसेच आहे. ज्या क्षणी नोंदणी करून काम कार्डाच्या रांगेत टाकले, त्या क्षणापासून ती जागा आपली असली तरी आपल्या एकट्याची राहत नाही. कार्ड तिच्यात केव्हाही हात घालू शकते, आणि ते कारभाऱ्याला न विचारता घालते. सगळा वेग तेथेच मिळतो आणि सगळा धोकाही तेथेच आहे.

मग काम संपल्याचे कळावे कसे? कार्ड एका वहीत पावत्या टाकीत जाते. प्रत्येक कामाची पावती मागता येते. किंवा एकाच रांगेतील कामे क्रमाने पुरी होतात म्हणून शेवटच्या कामाची तेवढी मागितली तरी मागची झाल्याचे समजते. परंतु दोन निराळ्या रांगांचा क्रम एकमेकींशी बांधलेला नसतो. एका टोळीचा मुकादम 'आमचे झाले' म्हणाला, म्हणून दुसऱ्या टोळीची माणसे विहिरीबाहेर आली असे धरता येत नाही. आपल्याकडे विहिरीत सुरुंग लावतात तेव्हा जाणता माणूस काय करतो? तो उतरलेली डोकी मोजतो आणि वर आलेली डोकी मोजतो. दोन्ही आकडे जुळले तरच वात पेटते. चांगला प्रोग्रॅमरही प्रत्येक नोंदलेल्या जागेपाशी असाच आकडा ठेवतो. काम रांगेत टाकले की एक वाढवावयाचा, पावती हाती आली की एक कमी करावयाचा. आकडा शून्य होईपर्यंत जागेला हात लावावयाचा नाही.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. भरवशाच्या जोडणीवर धाडणाऱ्याला मिळालेली पावती एवढेच सांगते की माल पलीकडच्या कार्डापर्यंत पोचला. पलीकडच्या प्रोग्रॅमने तो पाहिला, असे ती सांगत नाही. पोचल्याची पावती म्हणजे वाचल्याची पावती नव्हे. तेव्हा धाडणाऱ्याने आपली जागा त्या पावतीवर मोकळी केली तर चालेल. परंतु ज्याच्या गोदामात माल उतरला त्याला बहुधा काहीच कळलेले नसते, कारण त्याच्या पहारेकऱ्याला मुळी उठविलेलेच नाही. म्हणून त्या दोघांमध्ये बोलीचा करार लागतो. 'तुझी किल्ली मी आता वापरणार नाही' असा निरोप सोबत्याकडून यावा लागतो. काही जाळ्यांत तर निरोपाबरोबरच किल्ली रद्द करण्याची सोय आहे. आणि एकच किल्ली चार सोबत्यांना दिली असेल तर चौघांचे निरोप यावे लागतात. तिघांचे चालत नाहीत.

आता मोकळे करण्याचा क्रम सांगतो. पहिली पायरी, नवे काम रांगेत टाकणे थांबवावे. दुसरी, सोबत्यांना कळवून त्यांच्याकडून किल्ली सोडल्याचा निरोप घ्यावा. तिसरी, रांगेत असलेल्या प्रत्येक कामाची पावती मोजून घ्यावी. चौथी, नोंदणी रद्द करावी, म्हणजे किल्ल्या निकामी होतात आणि कार्डाजवळचा नकाशा पुसला जातो. पाचवी आणि शेवटची, जागा कारभाऱ्याला परत करावी. उघडताना जो क्रम होता त्याच्या नेमका उलटा क्रम बंद करताना. पुष्कळ जण चौथी आणि पाचवी पायरी अदलाबदल करतात. त्यांना वाटते, दोन्ही करावयाच्याच आहेत, पुढेमागे झाल्या तर काय बिघडले?

बिघडते ते असे. जागा आधी परत केली आणि किल्ली मागाहून रद्द केली, तर मधल्या क्षणात ती जागा त्याच प्रोग्रॅमातील दुसऱ्या कामाला मिळते. तेथे नवे आकडे मांडले जातात. तेवढ्यात जुनी किल्ली घेऊन सोबती येतो आणि त्यांच्यावर आपला माल ओततो. कार्ड त्याला अडवीत नाही, कारण किल्ली खरी आहे. याच्या उलट किल्ली आधी रद्द केली असती, तर कार्डाने त्या उशिरा आलेल्या पाहुण्याला दारातच नाकारले असते. जोडणी तुटली असती, कोठे तरी चुकीची नोंद झाली असती. पण कोणाचे आकडे पुसले गेले नसते. घर भाड्याने देणारा माणूस आधी जुने कुलूप बदलतो आणि मग नव्या भाडेकरूला आत घेतो, त्यातले शहाणपण हेच.

याचेच एक दुसरे रूप आहे. नोंदणीला वेळ लागतो म्हणून काही प्रोग्रॅम जुन्या नोंदण्या जपून ठेवतात आणि तोच पत्ता पुन्हा आला की जुनीच नोंद वापरतात. पण मध्यंतरी ती जागा परत केली गेली असेल आणि त्याच पत्त्यावर कारभाऱ्याने दुसरी जागा दिली असेल तर? पत्ता तोच, घर दुसरे. कार्ड जुन्या घरात माल टाकीत राहते आणि नव्या घरातला माणूस वाट पाहत बसतो. म्हणून जागा परत होताच जपून ठेवलेली नोंदही खोडली गेली पाहिजे.

आता खरा अवघड प्रश्न. सोबती मेला तर? त्याचे यंत्रच बंद पडले, निरोप येणारच नाही, तर काय जन्मभर वाट पाहावयाची? कोणी म्हणेल, येथे तरी घड्याळ पाहूनच चालावे लागणार. घड्याळ पाहावे, परंतु घड्याळाने काय ठरवावयाचे ते नीट समजून घ्यावे. मुदत संपली याचा अर्थ 'काम झाले' असा नाही. 'आता ही जोडणी तोडावयाची' एवढाच त्याचा अर्थ. जोडणी तोडण्याची एक रीत आहे. त्या रांगेला चुकीच्या अवस्थेत नेतात. तसे केले की जी कामे अडकून पडली असतील ती सगळी 'पुरी न होता परत' अशा शेऱ्याच्या पावत्या घेऊन परत येतात. त्यांच्या शेवटी एक खुणेचे काम रांगेत टाकतात. ते परत आले म्हणजे मागे कोणी उरले नाही. त्यानंतर त्या जोडणीवरून उशिरा काही आले तरी कार्ड ते फेकून देते. मग नोंदणी रद्द, आणि मग जागा मोकळी. म्हणजे सोबती मेला असला तरीही मोजणी चुकत नाही. आधी त्याचा हात आत पोचणार नाही अशी व्यवस्था करावयाची, मग मोजावयाचे, मग सोडावयाचे.

१९९२ साली आमच्या पॅनेलवर हेच व्हावयास हवे होते. पाऊण तास झाला होता, तर आम्ही सायकलवर टांग टाकून त्या खांबापर्यंत जावयास हवे होते. अंतर फार नव्हते. घड्याळाने एवढेच सांगितले होते की उठ आणि पाहून ये. आम्ही ऐकले ते वेगळेच.

आपल्या गावाला हा नियम नवा नाही. १८९७ साली कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअराने बांधलेली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि पुढे ती आपल्या येडशीवरून लातूरपर्यंत गेली. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी या सभेतील पुष्कळांनी पाहिली आहे. २००८ पर्यंत तिची जागा रुंद रुळांनी घेतली. एकेरी रुळांवर दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी म्हणून देशभरच्या रेल्वेमार्गांवर ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा देण्याची पद्धत होती. एक गोळा यंत्रातून निघाला की तो पुन्हा दोहोंपैकी एका स्थानकाच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा निघतच नसे. 'वेळापत्रकाप्रमाणे गाडी पोचली असेल' असे स्टेशनमास्तरला कितीही वाटले, तरी त्याच्या वाटण्याला यंत्र विचारीत नसे. ही व्यवस्था विद्वानांनी ग्रंथ लिहून केलेली नाही. समोरासमोर धडकलेल्या गाड्यांतील माणसांच्या मरणातून ती आली.

कोणी म्हणेल, खांबावरचा माणूस आणि संगणकातला आकडा यांची तुलना कशी करता? आकडा पुसला गेला तर रक्त येते काय? याचा विचार आपण पावसापासून करू, कारण आपल्या भागात सगळा विचार पावसापाशीच येतो.

हवामानाचे भाकीत करावयाचे म्हणजे आकाशाचे चौकोन पाडावयाचे आणि प्रत्येक चौकोनातील वारा, उष्मा, बाष्प यांचे गणित करावयाचे. चौकोनांचे गठ्ठे निरनिराळ्या यंत्रांना वाटून दिलेले असतात. धाराशिवच्या आकाशाचे गणित एका यंत्राकडे, बार्शीकडचे दुसऱ्याकडे. पण वारा जिल्ह्याची हद्द मानीत नाही. म्हणून गणिताच्या प्रत्येक टप्प्यानंतर प्रत्येक यंत्राला शेजाऱ्याच्या काठाचे आकडे लागतात. अशी देवघेव एका भाकितासाठी असंख्य वेळा होते, आणि ती झपाट्याने व्हावी म्हणून अशा महासंगणकांत थेट मेमरीत लिहिणारी जाळी असतात. पुण्याच्या पाषाण भागातील उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' आला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात 'अर्क' आला, त्याची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप. २०२५ च्या मे महिन्यात त्याच संस्थेत तयार झालेली भारत भाकीत प्रणाली सुरू झाली. तिचा चौकोन ६ किलोमीटरांचा, आधीचा १२ चा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यात परंडा आणि भूम या भागांत काय पूर आला, ते आपण डोळ्यांनी पाहिले. त्या रात्री कोणत्या गावाने घर सोडावयाचे आणि कोणी थांबावयाचे, याचा निर्णय आकड्यांवर होतो. आकडा चुकीचा आहे हे आकड्याकडे पाहून कळत नाही. तोही तितक्याच ऐटीत कागदावर उभा असतो.

आणि ही यंत्रे आपल्याला परकी नाहीत. अमेरिकेने हव्या त्या ताकदीचा महासंगणक देण्याचे नाकारल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ साली 'परम ८०००' पुरा झाला. २००३ साली 'परम पद्म' जगातील पाचशे बलाढ्य यंत्रांच्या यादीत १७१ वा आला. त्यातील यंत्रे जोडणारे 'परमनेट' हे जाळेही सी-डॅकनेच बनविलेले होते. पुढे 'त्रिनेत्र' नावाचे नवे जाळे आले. अशा जाळ्यांसाठी जी मुले प्रोग्रॅम लिहितात, त्यांत आपल्या भागातील मुलेही आहेत. तेव्हा जागा मोकळी करण्याचा हा नियम आपल्याही घरचा आहे.

नियमाला दुसरी बाजूही आहे, ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. चुकीच्या वेळी सोडणे हा दोष, तसा कधीच न सोडणे हाही दोष. काही जण भीतीने नोंदलेल्या जागा तशाच ठेवून देतात. खिळा ठोकलेली जागा कारभाऱ्याला हलविता येत नाही. अशा जागा साठत गेल्या की बाकीच्यांना मेमरी उरत नाही. खिळ्यांना ठरवून दिलेली मर्यादा संपते आणि नवी नोंदणी नाकारली जाते. वायरमन परमिट परत न करताच घरी जाऊन झोपला, तर गाव रात्रभर अंधारात राहील. म्हणून केवळ 'जपून राहा' असा उपदेश पुरत नाही. वेळेवर आणि क्रमाने सोडता येईल अशी वही लागते, मोजणी लागते, आणि ती मोजणी करण्याला कामाचा वेळ मिळावा लागतो.

येथे आमचा मूळ धंदा आड येतो, त्याला इलाज नाही. पुतण्याच्या कंपनीत दोष सापडल्यावर वरिष्ठांनी विचारले, हे लिहिले कोणी? ज्या मुलाने लिहिले होते त्याला ते काम शुक्रवारी देऊन सोमवारी मागितले होते. जोडणी तोडून पावत्या मोजण्याचा भाग त्याने 'पुढे करू' म्हणून ठेवला होता, आणि पुढे त्याला दुसरे काम दिले गेले. कागदावर मात्र काय आले असेल, ते आपण ओळखलेच असेल. खांबाखालच्या चौकशीत आम्ही तेच शब्द वाचले होते.

माणूस चुकतो. थकलेला माणूस अधिक चुकतो. घाईत धरलेला माणूस तर चुकणारच. म्हणून सुरक्षितता माणसाच्या लक्षात राहण्यावर सोपवू नये. ती कामाच्या रचनेत घालावी. लोखंडी गोळा हे त्या रचनेचे उदाहरण. प्रत्येक कामगाराचे स्वतःचे कुलूप आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात, हेही त्याचेच उदाहरण. प्रोग्रॅममध्ये जागा, तिची नोंदणी आणि तिच्या पावत्यांची मोजणी एकाच गाठीत बांधून ठेवणे, म्हणजे मोजणी शून्य झाल्यावाचून जागा सुटणारच नाही, हेही तेच. अशी गाठ बांधावयाला दोन दिवस जास्त लागतात. ते दोन दिवस मागणे हा आळस नव्हे, तो कामगाराचा हक्क आहे. आणि ते देणे हे मालकाच्याही हिताचे आहे, हे आम्ही तीस वर्षे सांगत आलो.

शेवटी आपल्या शिवारातील एक गोष्ट सांगून बसतो. डीपीवर फ्यूज गेला म्हणजे आपला शेतकरी स्वतः वर हात घालतो, आणि पलीकडे कोणी तरी मोबाइलवर सांगतो, "पाच मिनिटांत होईल, मग चालू करा." हे आम्ही याच भागात पाहिले आहे. बंधूंनो, मूळ गोष्ट अशी की हे काम आपले नाही, वायरमनचे आहे. पण विहिरीची मोटार असो, पिठाची गिरणी असो, मळणीचे यंत्र असो, जेथे एकाचा हात आत आणि दुसऱ्याचा हात बटणावर असतो, तेथे आजपासून एवढे करा. पाच मिनिटांवर विसंबू नका. ज्याचा हात आत आहे तो स्वतः समोर येऊन 'मी बाहेर आलो' असे म्हणेपर्यंत बटणाला कोणाला हात लावू देऊ नका. तो आला नाही, तर उठून पाहावयास जा.

ज्याचा हात गेला तो माणूस आज हयात आहे. त्याने आम्हांला कधी दोष दिला नाही. या व्याख्यानाला येण्यापूर्वी आम्ही त्याला भेटावयास गेलो आणि मेमरीची, कार्डाची, पावत्यांची ही सगळी गोष्ट त्याला सांगितली. त्याने नीट ऐकून घेतली आणि डाव्या हाताने चहाचा पेला आमच्यापुढे सरकवीत म्हणाला, "म्हणजे मशिनीला पण विचारून घ्यावं लागतं, बाहेर आलास का म्हणून." आम्ही म्हणालो, होय. तो म्हणाला, "मग सांगा लोकांना."

ते आपणांस सांगितले.